बंदिवानांच्या कैवारी कुमारी एमिली हॉबहाउस

अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव निघाले की आमच्या वाचकांस तेथील भुईकोट किल्ला आठवतो. आणि किल्ल्याबरोबर १९४२ साली तेथे बंदीत ठेवलेले पंडित नेहरू व त्यांचे सहकारी आठवतात. परंतु त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे याच शहरी निराळ्याच प्रकारचे कैदी आणले गेले होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असेल. ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेतकरी होते. इंग्रजांशी लढता लढता ते पाडाव झाले, आणि आगबोटींत भरून समुद्रापलीकडे धाडले गेले. हिंदुस्थानात निरनिराळ्या छावण्यांत असे सुमारे नऊ हजार युद्धकैदी आणले होते.

हे कैदी हाती बंदूक घेतलेले पुरुष होते. युद्धाचे काही नियम त्यांच्या वाट्यास आले, आणि लढाई संपल्यावर त्यांतील बहुतेक घरी परतले. पण घरी परतून त्यांनी काय पाहिले? पुष्कळांची घरे जळालेली होती, गुरे मारलेली होती, आणि ज्या बायकामुलांस ते मागे सोडून आले होते त्यांपैकी कित्येक जण छावणीच्या स्मशानात विसावले होते. त्या बायकामुलांची दाद घेण्यास जी एक बाई निघाली, तिचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो. दूर देशी निरपराध माणसे कुंपणाआड कोंडली जात आहेत असे कानी आल्यास बाहेरच्यांनी काय करावे, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. त्याचे उत्तर या बाईंनी आपल्या आचरणाने दिले आहे असे आम्हांस वाटते.

एमिली हॉबहाउस यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतात, सेंट आइव्ह नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील रेजिनाल्ड हॉबहाउस हे त्या गावचे पाळक होते व पुढे आर्चडीकनच्या पदास चढले. चुलते आर्थर हॉबहाउस हे १८७२ ते १८७७ या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद होते. धाकटे बंधू लेनर्ड हे ऑक्सफर्ड येथे शिकून पुढे नामांकित समाजशास्त्रज्ञ झाले. एमिलीबाईंस मात्र विद्यापीठाचे दार पाहावयास मिळाले नाही. त्या काळी इंग्लंडातही मुलीचे शिक्षण बहुधा घरच्या घरीच उरकले जाई.

त्यांचे वय वीस वर्षांचे असता, १८८० साली, आई निवर्तली. तेव्हापासून आजारी वडिलांची शुश्रूषा, घरचा कारभार आणि गावातील गोरगरिबांचा समाचार यांत त्यांची चौदापंधरा वर्षे गेली. १८९५ साली वडील वारले, तेव्हा बाई पस्तीस वर्षांच्या होत्या. ना घर, ना पदवी, ना धंदा. पुष्कळांनी असे समजून चालावे की आता आयुष्याची संध्याकाळ झाली. परंतु ज्या वयात इतर लोक आपले आयुष्य ठरून गेले असे मानतात, त्या वयात या बाईंचे आयुष्य सुरू झाले.

प्रथम त्या अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात, कॉर्नवॉलहून खाणीवर कामास गेलेल्या मजुरांची सेवा करण्याच्या हेतूने गेल्या. तेथे त्यांनी मद्यपानाविरुद्ध खटपट केली, वाचनालय चालविले. त्याच गावी एका गृहस्थांशी त्यांचा विवाह ठरला. पण तो मोडला, आणि मेक्सिको देशात गुंतविलेला त्यांचा बराच पैसाही बुडाला. १८९८ साली त्या रिकाम्या हातांनी इंग्लंडास परतल्या. चरित्रकार अशा गोष्टी पुष्कळदा झाकून ठेवतात. आम्ही त्या सांगतो, याचे कारण हे की मोठे कार्य ज्यांच्या हातून होते ती माणसे यशाच्या पायऱ्या चढतच येतात असे नाही.

पुढच्याच वर्षी, ११ ऑक्टोबर १८९९ रोजी, दक्षिण आफ्रिकेत युद्ध पेटले. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही तेथील बोअर लोकांची दोन लहान प्रजासत्ताक राज्ये होती. बोअर म्हणजे मुख्यत्वे डच वंशाचे, बायबलनिष्ठ, शेती व गुरे यांवर निर्वाह करणारे लोक. ट्रान्सवालात १८८६ साली सोन्याच्या अफाट खाणी सापडल्या होत्या, आणि त्या सोन्यापाठोपाठ साम्राज्याची दृष्टीही तेथे पोहोचली होती. १९०० सालच्या जूनपर्यंत दोन्ही राजधान्या, ब्लूमफाँटेन व प्रिटोरिया, इंग्रजांच्या हाती आल्या, आणि युद्ध संपले असे लंडनमध्ये सर्वांस वाटले. परंतु बोअर सेनापतींनी गनिमी काव्याचा अवलंब केला. महाराष्ट्रातील वाचकांस हा शब्द समजावून सांगावयास नको. लहान लहान घोडदळाच्या तुकड्या अचानक येत, आगगाडीचे रूळ उखडीत, आणि माळरानात नाहीशा होत.

त्यांचे अन्नपाणी तोडावे म्हणून इंग्रज सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्यामागून आलेले लॉर्ड किचनर यांनी शेतवाड्या जाळण्याचा सपाटा लावला. सुमारे तीस हजार घरे जाळली गेली. उभी पिके नष्ट केली, मेंढ्यांचे कळप कापले. त्या घरांतील स्त्रिया, मुले व म्हातारे यांस बैलगाड्यांत आणि उघड्या वाघिणींत भरून लोहमार्गालगतच्या छावण्यांत आणून टाकले. शरण आलेल्या काही बोअर कुटुंबांनी संरक्षणासाठी आपण होऊन आश्रय घेतला होता, हे खरे. पहिल्या छावण्या त्यांच्याच नावाने निघाल्या. परंतु लवकरच तेथे सक्तीने आणलेल्यांचीच गर्दी झाली, आणि तरीही कागदोपत्री त्यांचे नाव शरणार्थ्यांच्या छावण्या असेच राहिले. विद्यार्थिमित्रांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अन्याय करणारा प्रथम भाषेस हात घालतो. कैद्यास पाहुणा म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याचे मन निश्चिंत होते, आणि पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

एमिलीबाईंनी तो प्रश्न विचारला. युद्धाच्या विरुद्ध असलेल्या एका समितीच्या स्त्रीशाखेच्या त्या चिटणीस होत्या. उघड्यावर पडलेल्या बायकामुलांसाठी त्यांनी एक मदतनिधी काढला आणि ७ डिसेंबर १९०० रोजी, स्वतःच्या खर्चाने, आफ्रिकेची आगबोट धरली. पैसा दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून त्यांस घरी बसता आले असते. परंतु दिलेली मदत कोणास पोहोचते आणि कोणास काय हवे आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांच्या मनाचे समाधान होईना. २७ डिसेंबर रोजी त्या केपटाउन येथे उतरल्या, आणि निघताना एकाच छावणीचे नाव ऐकले होते तेथे अनेक छावण्या आहेत असे त्यांस कळले.

लष्करी कायदा चालू असल्यामुळे परवान्यावाचून पाऊल टाकता येत नव्हते. बाई सरळ हायकमिशनर लॉर्ड मिल्नर यांजकडे गेल्या व त्यांनी अनुज्ञा मिळविली. किचनर यांनी ती ब्लूमफाँटेनपुरतीच मर्यादित केली, आणि सामानासाठी एकच वाघीण दिली. बाईंनी तक्रार करीत वेळ दवडला नाही. वाघिणीत कपडे व अन्न भरून त्या २२ जानेवारी १९०१ रोजी निघाल्या, आणि दोन दिवसांनी ब्लूमफाँटेनला पोहोचल्या.

गावाबाहेर, वृक्षाचे नाव नसलेल्या उघड्या उतारावर, पांढऱ्या राहुट्यांची ओळ लागली होती. सुमारे दोन हजार माणसे तेथे होती. त्यांत नऊशेहून अधिक मुले. एकेका लहान राहुटीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबे कोंबलेली. आफ्रिकेतील जानेवारीचा उन्हाळा, कापडातून आग ओतणारे ऊन, आणि पाऊस आला की जमिनीवरून राहुटीत वाहणारे पाणी. खाटा नाहीत, पुरेसे सरपण नाही, म्हणून विषमज्वराचे पाणीही न उकळता प्यावयाचे. साबण मिळत नसे, कारण अधिकाऱ्यांच्या मते ती चैनीची वस्तू होती. त्याहून लज्जास्पद गोष्ट ही की ज्या कुटुंबातील पुरुष अद्याप लढत होता त्या कुटुंबाच्या मुलांस प्रारंभी इतरांहून कमी शिधा दिला जाई. बापाच्या हट्टाची शिक्षा मुलाच्या ताटात वाढण्याचा हा प्रकार होता. याविरुद्ध ओरड झाली तेव्हा काही आठवड्यांनी तो बंद पडला.

एमिलीबाईंनी काय केले? त्यांनी आक्रोश केला नाही. राहुटीमागून राहुटी त्या फिरल्या, पेटीवर किंवा जमिनीवर बसून प्रत्येक आईची हकीकत ऐकली व टिपून घेतली. किती माणसे, किती राहुट्या, किती शिधा, किती पाणी, किती मृत्यू, हे सर्व त्यांनी वहीत उतरविले. मग अधिकाऱ्यांकडे जाऊन साबण मागितला, पाणी उकळण्याची मोठी भांडी मागितली, गवताच्या गाद्या मागितल्या, परिचारिका मागितल्या. जेथे अधिकारी दयाळू होता तेथे तसे त्यांनी लिहून ठेवले. एका छावणीची व्यवस्था दुसरीपेक्षा बरी असेल तर तेही नमूद केले. नॉर्वल्सपाँट, ॲलिवल नॉर्थ, स्प्रिंगफाँटेन, किंबर्ली, मॅफिकिंग येथील छावण्या त्यांनी अशाच पाहिल्या. साक्षीदाराने आपल्या बाजूस प्रतिकूल असलेली गोष्टही सांगितली म्हणजे त्याच्या अनुकूल गोष्टीस वजन येते, हे त्या जाणून होत्या.

स्प्रिंगफाँटेन येथे लोहमार्गाच्या कडेस, फाटक्या कापडाच्या आडोशात एक आई बसलेली त्यांनी पाहिली. तिच्या मांडीवर मूल शेवटचे श्वास घेत होते. आई रडत नव्हती, हलत नव्हती. ते दृश्य बाईंच्या अंतःकरणावर कायमचे कोरले गेले, आणि पुढे ते खरोखरच धातूत ओतले गेले, ते कसे ते लवकरच येईल.

एप्रिलमध्ये त्या ब्लूमफाँटेनला परत आल्या तो काय पाहतात? छावणीतील वस्ती जवळजवळ दुप्पट झालेली. आगगाड्या भरून नवी माणसे येतच होती, आणि गोवर, विषमज्वर व आमांश यांनी मुलांत थैमान मांडले होते. या वेळी बाईंपुढे खरा धर्मसंकटाचा प्रसंग उभा राहिला. तेथेच राहून कपडे वाटावे, मरणाऱ्यांच्या उशाशी बसावे, हे एक कर्तव्य. ते डोळ्यांपुढे होते आणि मनास समाधान देणारे होते. दुसरे कर्तव्य समुद्रापलीकडे होते. ज्या सरकारच्या हुकमाने हे चालले होते ते त्यांचेच सरकार होते, आणि त्यास जाब विचारू शकणारे लोक लंडनमध्ये स्वस्थ बसले होते. एका वाघिणीने हजारोंची भूक भागत नाही, आणि हुकूम बदलल्यावाचून राहुट्या वाढतच जातील, हे ओळखून त्यांनी परतीची बोट धरली. त्यांचा हा निर्णय आम्हांस त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा वाटतो. दया ही पुष्कळांपाशी असते; दयेस दाद मागावयास लावणे थोड्यांस साधते.

१९०१ सालच्या मे महिन्यात त्या इंग्लंडास पोहोचल्या आणि जूनमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. युद्धमंत्री ब्रॉड्रिक यांस त्या स्वतः भेटल्या. विरोधी पक्षाचे पुढारी कॅम्बेल-बॅनरमन यांनी त्यांची हकीकत शांतपणे ऐकून घेतली, आणि लगेच एका जाहीर भाषणात असल्या युद्धरीतीस रानटीपणाच्या जातीची ठरविले. पार्लमेंटात लॉइड जॉर्ज यांनी हा प्रश्न लावून धरला. परंतु देशात युद्धज्वर होता. वर्तमानपत्रांनी बाईंस देशद्रोही म्हटले. भावनेच्या भरात वाहवलेली, शत्रूच्या थापांस भुललेली स्त्री म्हणून त्यांची टर उडविली. कित्येक ठिकाणी त्यांस व्याख्यानास सभागृह मिळेना, मिळाले तर सभा उधळली जाई. या काळात त्यांच्या वहीतील आकड्यांनी त्यांस तारले. शिव्या देता येतात. पण राहुटीत किती माणसे होती हे ज्याने मोजले आहे त्यास खोटे पाडणे सोपे नसते.

अखेर सरकारास स्त्रियांचे एक कमिशन नेमावे लागले. मिलिसेंट फॉसेट या प्रसिद्ध बाई त्याच्या अध्यक्ष होत्या. त्या सरकारच्या धोरणास अनुकूल होत्या, आणि एमिली हॉबहाउस यांस कमिशनातून मुद्दाम वगळले होते. तरीही छावण्या प्रत्यक्ष पाहिल्यावर या कमिशनानेही बहुतेक त्याच उणिवा दाखविल्या आणि त्याच सुधारणा मागितल्या. त्या दरम्यान मृत्यूने कळस गाठला होता. ऑक्टोबर १९०१ मध्ये मृत्यूचे प्रमाण असे होते की ते वर्षभर टिकते तर दर हजार माणसांत ३४४ माणसे मेली असती. नोव्हेंबरात छावण्यांचा कारभार लष्कराकडून काढून मुलकी अधिकाऱ्यांकडे दिला. पाणी, अन्न, परिचारिका यांची व्यवस्था झाली, आणि १९०२ सालच्या फेब्रुवारीत तेच प्रमाण हजारी ६९ वर आले. पुढे ते आणखी खाली गेले. पालकजनांनी या दोन आकड्यांवर क्षणभर विचार करावा. थोडा साबण, थोडे सरपण, थोडी काळजी यांनी जे मरण टळू शकले, ते दैवाने आलेले नव्हते. आणि बाहेरच्यांनी वेळीच विचारपूस केली असती तर ते आणखी लवकर टळले असते.

दरम्यान एमिलीबाई पुन्हा आफ्रिकेस निघाल्या होत्या. २७ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांची आगबोट केपटाउनच्या बंदरात आली, पण त्यांस उतरू दिले नाही. काही दिवस बोटीवरच अडकवून ठेवल्यानंतर, प्रकृती बरी नसता, त्यांस शिपायांकरवी बळेच उचलून दुसऱ्या बोटीवर चढविले व परत धाडले. ना आरोप, ना चौकशी. ज्या सरकारास आपल्या छावण्या उत्तम आहेत असे म्हणावयाचे होते, त्या सरकारास एका मध्यमवयीन, आजारी बाईचे पाऊल किनाऱ्यास लागण्याचे भय वाटावे, यातच सर्व आले. पुढे फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात राहून त्यांनी युद्धाची झळ कोणास लागली याविषयी ग्रंथ लिहिला, तो १९०२ साली प्रसिद्ध झाला.

३१ मे १९०२ रोजी तह झाला. हिशेब मांडला गेला तेव्हा बोअरांच्या छावण्यांत २७,९२७ माणसे मृत्यू पावल्याची नोंद निघाली. त्यांपैकी सुमारे २२,००० सोळा वर्षांखालील मुले होती. रणांगणावर पडलेल्या बोअर शिपायांच्या कितीतरी पट ही संख्या आहे.

येथे आम्हांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फार काळ कोणी सांगितली नाही. गोऱ्या शेतकऱ्यांच्या वाड्यांवरील व आसपासच्या वस्त्यांतील काळ्या आफ्रिकी लोकांसही अशाच वेगळ्या छावण्यांत कोंडले होते. युद्ध संपताना त्यांची संख्या सुमारे १,१५,००० होती. नोंदलेले मृत्यू १४,००० हून अधिक आहेत, आणि नोंदी अपुऱ्या असल्यामुळे खरी संख्या निदान २०,००० असावी असे पुढील अभ्यासकांनी ठरविले आहे. त्यांतही बहुतेक मुलेच. एमिलीबाईंच्या कानी हे आले होते. कोणीतरी तिकडे जाऊन चौकशी करावी अशी मागणी त्यांनी केली, परंतु त्या स्वतः त्या छावण्यांत हिंडून तशा वह्या भरू शकल्या नाहीत. फॉसेट कमिशनाने तर तिकडे पाहिलेच नाही. ज्या राहुटीत साक्षीदार गेला तेथील मूल जगाच्या स्मरणात राहिले. ज्या राहुटीत कोणी गेले नाही तेथील मुलाचे नावही उरले नाही. चरित्रनायिकेच्या थोरवीस यामुळे उणेपणा येतो असे आम्हांस वाटत नाही. परंतु दया करणाऱ्यानेही आपली दृष्टी कोठवर पोहोचली व कोठे थांबली, हे पुनःपुन्हा तपासावे, असा धडा यातून मिळतो.

तह झाल्यावर पुष्कळ परोपकारी माणसे घरी जातात. बाई १९०३ साली पुन्हा आफ्रिकेस आल्या. जळालेल्या शेतांत नांगर चालावे म्हणून त्यांनी बैलजोड्यांसाठी पैसा जमविला. १९०५ साली फिलिपोलिस येथे मुलींसाठी सूतकताई व विणकामाची शाळा काढली, आणि पुढील तीन वर्षांत अशा अनेक शाळा उघडल्या. ज्यांनी सर्वस्व गमावले आहे त्यांस भिक्षेपेक्षा हाताला काम हवे असते, हे त्यांनी ओळखले होते. महात्माजींनी आपल्याकडे चरख्याचा प्रसार आरंभिला त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

महात्माजींचे नाव येथे उगाच आले नाही. १६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लूमफाँटेन येथे छावण्यांत मेलेल्या बायकामुलांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. शिल्पकार अँटन व्हान वाउ यांनी त्यात स्प्रिंगफाँटेनच्या त्या आईचे शिल्प घडविले होते, ते एमिलीबाईंच्या डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यावरून. समारंभास बाईंस सन्मानाने बोलाविले होते. पण हृदयाच्या विकाराने त्यांस वाटेतूनच परतावे लागले, आणि त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखविले. त्यात त्यांनी बोअरांस क्षमा करण्याचा उपदेश केला. तसेच छावण्यांत हजारो काळे लोकही मेले हे विसरू नये, आणि स्वतः मिळविलेले स्वातंत्र्य इतरांस नाकारू नये, असेही स्पष्ट सांगितले.

त्याच दिवसांत दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा सत्याग्रह भरास आला होता. करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर, आणि ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह बेकायदा ठरविणारा न्यायालयाचा निकाल, यांविरुद्ध तो होता. ख्रिस्ताचे नाव दुसऱ्याच्या संसाराची विटंबना करण्यास वापरले गेले, याची आम्हां ख्रिस्ती लोकांस लाज वाटली पाहिजे. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. न्यूकॅसलकडील संपवाले मजूर ट्रान्सवालात कूच करीत गेले. त्यांस पकडून परत आणले, आणि खाणींची आवारे हीच तुरुंग म्हणून जाहीर करून, खाणीच्या नोकरांसच पहारेकरी नेमून, तेथे बळाने कामास जुंपले. या वेळी बाहेरचे जग अगदीच स्वस्थ बसले नाही. आमच्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रकृती ढासळलेली असता देशभर पैसा उभा केला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रास येथे उघडपणे सत्याग्रह्यांविषयी सहानुभूती दर्शविली. आणि दक्षिण आफ्रिकेत आजारी पडून असलेल्या एमिलीबाईंनी आपले वजन हिंदी लोकांच्या पारड्यात टाकले. जनरल स्मट्स हे एके काळचे बोअर सेनापती, आता मंत्री होते, आणि बाईंचा शब्द त्यांस मोडवत नसे. बाईंनी त्यांस लिहून गांधींशी समेटाचे बोलणे करण्याविषयी आग्रह धरला. १९१४ साली तो कर रद्द झाला, विवाहांस मान्यता मिळाली. त्या वर्षी केपटाउन येथे गांधीजी व कस्तुरबा त्यांस भेटले. ज्यांच्यासाठी एकदा झगडल्या त्यांच्याच हातून दुसऱ्यांवर अन्याय होत असता, ओळखीचा संकोच न धरता त्यांनी त्यांसही तोच न्याय लावला.

महायुद्धातही त्यांची हीच रीत राहिली. १९१६ साली, इंग्लंड व जर्मनी यांचे युद्ध ऐन भरात असता, त्या बर्लिनला गेल्या, जर्मन परराष्ट्रमंत्र्यांस भेटल्या, आणि रूलेबेन येथील छावणीत कोंडलेल्या इंग्रज नागरिकांचा समाचार घेतला. मायदेशी पुन्हा देशद्रोहाचा शिक्का बसला. युद्धानंतर लाइपझिग शहरातील हजारो उपाशी मुलांस अन्न मिळावे म्हणून त्यांनी निधी उभारला व तेथे राहून काम केले. १९२१ साली दक्षिण आफ्रिकेतील लोकांनी लहानलहान वर्गणी करून त्यांस घर घेण्यासाठी २,३०० पौंड पाठविले. त्यातून कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांनी घर घेतले. ८ जून १९२६ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्लूमफाँटेनच्या स्मारकाच्या पायथ्याशी ठेवली गेली. गांधीजींनी आपल्या पत्रात त्यांच्याविषयी आदराने मृत्युलेख लिहिला.

मृत्यूनंतरही त्यांची एक विटंबना व्हावयाची होती. बोअरांच्या वंशजांनी १९४८ साली सत्ता हाती आल्यावर वर्णभेदाचे कायदे रचले, आणि ते करीत असता छावण्यांतील आपल्या आजीचे दुःख ते नित्य स्मरत राहिले. युद्धास आयुष्यभर विरोध करणाऱ्या या बाईंचे नाव त्यांनी एका पाणबुडीसही दिले; ते पुढे बदलले गेले. आपलेच दुःख तेवढे आठवावयाचे आणि शेजाऱ्याचे विसरावयाचे, असे केले तर छावणीची आठवणही दुसरी छावणी बांधण्याच्या कामी येते.

छावण्या तेथे संपल्या नाहीत. त्या अर्धशतकात रशियात व जर्मनीत याहून भयंकर छावण्या निघाल्या. १९४४ सालच्या जूनमध्ये रेडक्रॉसच्या प्रतिनिधीस जर्मन अधिकाऱ्यांनी टेरेझीनश्टाट येथील यहुदी वस्ती दाखविली. घरांस रंग दिला होता, बागा लावल्या होत्या, आणि गर्दी दिसू नये म्हणून हजारोंस आधीच ऑशविट्झकडे धाडले होते. पाहुणा जे दाखविले ते पाहून गेला, आणि अनुकूल अहवाल लिहून मोकळा झाला. नुसते जाऊन येणे पुरेसे नाही, हे यावरून दिसते. एमिलीबाई ठरविलेल्या रस्त्याने गेल्या नाहीत. त्या राहुटीत शिरल्या, आईजवळ बसल्या, आणि जे तिने सांगितले ते मोजून पाहिले.

आमच्या शाळेतील मुलांनी उद्या समुद्रापलीकडे जावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु एखाद्या माणसास कुंपणाआड घातल्याची वार्ता वाचली तर त्याचे नाव काय, आरोप कोणता, त्यास वकील मिळाला काय, त्याच्या मुलांस जेवण मिळते काय, एवढे प्रश्न विचारण्यास कोणी लहान नाही. तो आपल्या जातीचा, धर्माचा, देशाचा आहे काय, हा प्रश्न त्यानंतरही विचारला नाही तरी चालेल. प्रभूने सांगितलेल्या शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात जखमी माणसाकडे पाहून दोघे जण रस्त्याच्या पलीकडून गेले. त्यांनी त्यास मारले नव्हते. ते केवळ थांबले नाहीत. शेवटच्या न्यायाच्या दिवशी बंदिवानाचा समाचार घेतला की नाही याचीही विचारणा होईल, असे ज्या शुभवर्तमानात आम्ही वाचतो, त्याच शुभवर्तमानावर कॉर्नवॉलच्या खेड्यातील त्या पाळकांची कन्या वाढली होती. फरक इतकाच की तिने ते वचन वाचून पुस्तक मिटले नाही. ती उठली, आणि आगबोटीचे तिकीट काढले.